आवश्यक औषधांची यादी : एक परीक्षण

काव्य, नाटक, कादंबरी यांच्या परीक्षणांस वाहिलेल्या पानांवर एका सरकारी यादीचें परीक्षण कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर सोपें आहे. ज्या लेखनाचा परिणाम अधिकांत अधिक घरांवर होतो, तें लेखन परीक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवण्यास कांहींच कारण नाहीं. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी ज्याच्या फळीवर नाहीं, असें मध्यमवर्गीय घर आज विरळाच. कादंबरी एकदां वाचून कपाटांत जाते. ही गोळी मात्र रोज सकाळीं हातांत घ्यावी लागते, आणि तीहि आयुष्यभर. अशा गोळ्यांपैकीं आवश्यक कोणती, आणि तिची अधिकांत अधिक किंमत किती, हें ठरण्याचा पाया ज्या लेखनांत आहे, तें लेखन म्हणजे केंद्र सरकारनें १३ सप्टेंबर २०२२ रोजीं प्रसिद्ध केलेली राष्ट्रीय आवश्यक औषध सूची. तिच्यांत औषधांचे २७ वर्ग असून एकंदर ३८४ औषधें आहेत.

या यादीची वंशावळ थोडक्यांत सांगितली पाहिजे. बाजारांत औषधें हजारों असतात; परंतु बहुसंख्य लोकांच्या मुख्य रोगांस पुरीं पडणारीं औषधें थोडकींच असतात, आणि सार्वजनिक पैसा व लक्ष आधीं या थोडक्यांकडे जावें, हा या कल्पनेचा गाभा. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९७५ च्या आपल्या अहवालांत ती आपल्या देशासाठीं मांडली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली आदर्श यादी त्यानंतर दोन वर्षांनीं, १९७७ सालीं, निघाली. म्हणजे विचाराच्या बाबतींत आपण फारसे मागें नव्हतों. आचाराची गोष्ट निराळी. आपली राष्ट्रीय यादी निघण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. पुढें २००३, २०११, २०१५ आणि २०२२ या वर्षीं तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

परीक्षकानें आधीं गुण सांगावे. या यादीचा पहिला गुण निवडीचा. ताज्या आवृत्तींत ३४ नवीं औषधें घेतलीं आणि २६ गाळलीं. रॅनिटिडीन, अॅटेनोलॉल, मिथिलडोपा हीं एके काळीं घरोघर परिचित असलेलीं नांवें गेलीं. मधुमेहासाठीं दीर्घकाळ काम करणारें ग्लार्जिन इन्शुलिन व टेनेलिग्लिप्टिन हीं आलीं. अधिक चांगलें किंवा अधिक निर्धोक असें कांहीं मिळालें म्हणून जुन्यास निरोप देणें, हा विवेक सरकारी लेखनांत सहसा आढळत नाहीं. येथें तो आहे. दुसरा गुण निःस्पृहतेचा. यादींत एकाहि कंपनीचें व्यापारी नांव नाहीं. औषध त्याच्या मूळ नांवानें येतें आणि जातें. तिसरा गुण असा कीं, प्रत्येक औषधापुढें तें प्राथमिक, द्वितीय कीं तृतीय पातळीवर हवें, याची खूण केलेली आहे. मेटफॉर्मिन व अॅम्लोडिपिन हीं मधुमेहाचीं व रक्तदाबाचीं साधीं औषधें प्राथमिक पातळीचीं ठरविलेलीं आहेत. म्हणजे तीं घेण्यास मोठ्या रुग्णालयाची पायरी चढण्याची गरज पडूं नये, हें यादीस मान्य आहे.

इतके गुण असतां दोष कोठें आहे? तो समजण्यासाठीं रुग्णाच्या बाजूनें यादी वाचली पाहिजे. औषधाविषयीं रुग्णास तीन प्रश्न पडतात : तें शुद्ध आहे काय? तें परवडेल काय? आणि तें मिळेल काय? आपल्या कायद्यानें या तीन प्रश्नांपैकीं पहिले दोन क्रमानें हातीं घेतले. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनें १९३०-३१ सालीं औषधांतील भेसळीची चौकशी केली व तिच्या पाठोपाठ, जरी दहा वर्षांनीं कां होईना, १९४० चा औषध कायदा आला. शुद्धतेच्या प्रश्नास कायद्यानें उत्तर दिलें. १९६२ च्या चिनी युद्धाच्या सुमारास किंमतींवरील नियंत्रण सुरू झालें, आणि १९७०, १९७९, १९८७, १९९५ व २०१३ या वर्षीं त्याचे निरनिराळे आदेश निघाले. किंमतीच्या प्रश्नासहि, पुरें म्हणा वा अपुरें म्हणा, उत्तर मिळालें. परंतु तिसरा प्रश्न, औषध मिळेल काय, हा अजून कायद्याच्या दारांत उभा आहे. आवश्यक म्हणून जाहीर केलेलें औषध एखाद्या सरकारी दवाखान्यांत तीन महिने नसलें, तर यादीनें ठरविलेला कोणताहि नियम मोडत नाहीं.

यादींत नामें आहेत, क्रियापद नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. तिच्यांतील औषधें ‘द्यावीं’, ‘ठेवावीं’, ‘पुरवावीं’ असें बंधन तिच्यापासून कोणावरहि पडत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणें आवश्यक औषध तें, जें चालू आरोग्यव्यवस्थेंत सर्व काळ, पुरेशा प्रमाणांत, योग्य रूपांत, खात्रीच्या दर्जाचें आणि व्यक्तीस व समाजास परवडेल अशा किंमतींत उपलब्ध असावें. या व्याख्येंत ‘सर्व काळ’ हे दोन शब्द आरंभींच येतात. आपल्याकडे यादीचें कायदेशीर फळ एकच, आणि तें म्हणजे कमाल किंमत. व्याख्येचें शेवटचें टोंक तेवढें आपण धरलें, आणि आरंभ सोडून दिला.

हें शेवटचें टोंक तरी घट्ट धरलें आहे काय, तेंहि पाहूं. २०१३ च्या आदेशाप्रमाणें कमाल किंमत उत्पादनखर्चावरून निघत नाहीं. बाजारांत किमान एक टक्का हिस्सा असलेल्या मालाच्या भावांची सरासरी काढून तींत किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के मिळविले जातात. म्हणजे बाजारानें जो भाव पूर्वींच चढवून ठेवला, त्याचीच सरासरी ही कायद्याची मर्यादा बनते. घाऊक किंमतींच्या निर्देशांकाप्रमाणें ती दरवर्षीं बदलते. एप्रिल २०२३ मध्यें ती एकदम १२ टक्क्यांहून अधिक चढली. शिवाय दोन-तीन औषधें एका गोळींत मिसळलीं, कीं ती मिश्र गोळी बहुधा यादीबाहेर जाते, आणि तिचा भाव वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत चढविण्यास मोकळीक राहते. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या चिठ्ठ्यांवर अशा मिश्र गोळ्या किती असतात, हें कोणताहि औषधविक्रेता सांगूं शकेल. बरें, रुग्णानें त्याच औषधाची स्वस्त गोळी मागावी, तर १९४५ च्या औषध नियमांप्रमाणें डॉक्टरनें लिहिलेल्या औषधाऐवजीं दुसरें देण्यास दुकानदारास मनाई आहे. डॉक्टरांनीं मूळ नांवानें औषध लिहावें, असा नियम वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं केला. २०२३ च्या ऑगस्टमध्यें त्याहून कडक नियम आले, आणि त्याच महिन्यांत स्थगितहि झाले.

आतां हें सर्व एखाद्या गांवाच्या हिशेबांत मांडून पाहूं. कारण यादीची परीक्षा दिल्लींत होत नसते. वसई तालुक्यांतील उमेळे घ्या. वसईच्या खाडीच्या उत्तरेस, नायगांव व वसई रोड या स्थानकांच्या टापूंतील हें गांव. मुंबई येथून लोकलनें तासा-सव्वातासावर. म्हणजे १९३५ सालीं ज्या शहरांत सिप्ला ही औषध कंपनी स्थापन झाली, आणि जिनें २००१ सालीं एड्सचीं औषधें दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चांत आफ्रिकेस देऊं केलीं, तें शहर दाराशींच. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा व त्रेपन्न गांवें मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निघाला. अशा रीतीनें सुमारें पांच वर्षांत उमेळ्यासारख्या गांवाचा नगराशीं व जिल्ह्याशीं असलेला संबंध दोनदां बदलला.

या बदलाचा औषधाशीं संबंध काय, तर असा. ग्रामीण व्यवस्थेंत सपाट प्रदेशांत पांच हजार वस्तीस एक उपकेंद्र आणि तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असें प्रमाण आहे. नागरी व्यवस्थेंत, २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाप्रमाणें, पन्नास हजारांस एक नागरी आरोग्य केंद्र. गांव जागचें हललें नाहीं, पण कागदावरील प्रमाण बदललें. आणि ज्या गांवाची शेतीभाती, बोली व वस्ती अजून गांवाचीच, त्याच्या वाट्यास शहराचें माप आलें. लहान शहरांच्या कडेला, अर्धीं गांव व अर्धीं नगर अशीं जीं शेंकडों ठिकाणें महाराष्ट्रांत आज आहेत, त्या सर्वांची हीच गोष्ट आहे.

माप चुकलें तर काय होतें, हें आंकड्यांनीं पाहिलें पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांतील प्रौढांपैकीं ११.४ टक्क्यांस मधुमेह व ३५.५ टक्क्यांस उच्च रक्तदाब आहे. दहा हजार वस्तीचें एखादें गांव कल्पनेनें घ्यावें, त्यांत सात हजार प्रौढ धरावे, आणि देशाची सरासरीच त्यास लावावी. मधुमेहाचे रुग्ण आठशेंच्या आसपास होतात, रक्तदाबाचे सुमारें अडीच हजार. रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णास रोज एकच गोळी दिली, तरी वर्षाला नऊ लाखांहून अधिक गोळ्या लागतात. मधुमेहाच्या रुग्णांस रोज दोन गोळ्या दिल्या, तर आणखी पावणेसहा लाखांवर. हा एका गांवाचा एका वर्षाचा शिधा झाला. तो ओंजळीनें वाटतां येत नाहीं. त्यास धान्यासारखें कोठार, मापारी व नोंदवही लागते.

येथेंच या रोगांचें वेगळेपण ध्यानांत घेतलें पाहिजे. तापाचें औषध मिळालें नाहीं, तर रोगी कण्हतो, घर जागतें, शेजारी धांवतात. रक्तदाबाची गोळी आठवडाभर मिळाली नाहीं, तर बहुतेकांस कांहींच जाणवत नाहीं. रोगी रोजच्यासारखा कामास जातो, आणि आपलें औषधावांचून बरें चाललें आहे, असाहि त्याचा समज होतो. त्याची किंमत कांहीं वर्षांनीं पक्षाघाताच्या, हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंड निकामी होण्याच्या रूपानें द्यावी लागते, आणि तेव्हां ती त्या चुकलेल्या गोळीच्या खात्यावर कोणी मांडीत नाहीं. दीर्घ रोगांत औषध असणें आणि नसणें यांमध्यें आवाज होत नाहीं. म्हणून तर मोजणाऱ्याची गरज अधिक.

मोजणें अशक्य आहे, असें कोणी म्हणूं नये. कारण आपण तें करून दाखविलें आहे. १९८५ सालीं सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि दोन ते आठ अंश उष्णतेंतच ठेवावी लागणारी लस बर्फाच्या पेटींतून डोंगरांतल्या पाड्यापर्यंत गेली. १९९७ पासूनच्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमांत प्रत्येक रुग्णाच्या नांवाची एक पेटी आरंभींच राखून ठेवीत; तिच्यांत त्याचा संपूर्ण उपचार असे, आणि ती दुसऱ्यास देतां येत नसे. १ एप्रिल २००४ पासून एड्सचीं औषधें सरकारी केंद्रांतून मोफत मिळूं लागलीं. या व्यवस्थाहि निर्दोष नाहींत. २०२४ च्या मार्चमध्यें क्षयाचीं औषधें कमी पडलीं, तेव्हां केंद्रास तीन महिन्यांची खरेदी स्थानिक पातळीवर करावी असें राज्यांना कळवावें लागलें. पण हा तुटवडा तुटवडा म्हणून ओळखला गेला, त्याची ओरड झाली, उत्तर मागितलें गेलें. कारण त्या रोगाच्या प्रत्येक रुग्णाचें नांव कोठें तरी लिहिलेलें होतें.

मग इन्शुलिनच्या बाटलीस लसीची पेटी कां मिळूं नये, आणि रक्तदाबाच्या रुग्णास क्षयाच्या रुग्णासारखी नांवाची पेटी कां असूं नये? याचें खरें कारण वैद्यकीय नाहीं. क्षयाचा रोगी औषधावांचून राहिला, तर रोग शेजाऱ्यास होतो. मधुमेहाचा रोगी राहिला, तर तो एकटाच आंधळा होतो. जेथें इतरांस भय आहे, तेथें राज्यानें औषधाचें सातत्य आपलें कर्तव्य मानलें. जेथें भय फक्त रोग्यास आहे, तेथें तें त्याच्या खिशावर सोडलें. ही निवड कोणीं जाणूनबुजून केली, असें आम्ही म्हणत नाहीं; पण ती झाली आहे, आणि यादी तिच्याविषयीं मौन धरते.

यावर काय उत्तर मिळेल, तें आम्ही जाणतों. एक उत्तर जनऔषधि दुकानांचें. २००८ सालीं निघालेल्या व २०१५ नंतर जोर धरलेल्या या योजनेचीं दुकानें २०२५ च्या आरंभीं पंधरा हजारांवर गेलीं, आणि मूळ नांवाच्या स्वस्त गोळीवर मध्यमवर्गाचाहि विश्वास बसूं लागला, हें तिचें श्रेय मोठें आहे. पण दुकान तें दुकान. तें कोणी तरी खासगीपणें चालवितो, आणि चालेल तेथेंच तें निघतें. ज्या गोळीवर सर्वांत कमी नफा, तीच नेहमीं शिल्लक असावी असें बंधन त्यावर घालतां येत नाहीं. दुसरें उत्तर मोफत उपचाराचें. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्र दिनीं ‘आपला दवाखाना’ राज्यभर सुरू झाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु फळीवर नसलेलें औषध मोफत करणें सर्वांत सोपें असतें. शुल्क माफ झालें. साठ्याची हमी तेवढ्यानें आली नाहीं. प्राथमिक केंद्राच्या पातळीवर १७२ औषधें व उपकेंद्राच्या पातळीवर १०५ असावींत, असें केंद्राच्या योजनेंत लिहिलेलें आहे. तीं आज किती आहेत, हें दारावर लिहिलेलें नसतें.

महाराष्ट्रानें खरेदीचे प्रयोगहि केले. २०१७ सालीं सरकारी औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली; २०२३ सालीं कायदा करून निराळें प्राधिकरण नेमलें. त्याच वर्षीं, सप्टेंबरची अखेर व ऑक्टोबरचा आरंभ या चोवीस तासांत, नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत २४ रुग्ण दगावले. औषधांचा तुटवडा होता असा आरोप झाला. रुग्णालयानें तो नाकारला. त्या वादांत खरें कोण, याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. औषध होतें कीं नव्हतें, ही मोजून सांगण्याची गोष्ट. तिच्यावर वाद होऊं शकतो, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

याउलट तामिळनाडूंत १९९४ सालीं स्थापन झालेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाकडे पाहावें. खरेदी एका ठिकाणीं, कोठार जिल्ह्या-जिल्ह्यांत, दर्जाची तपासणी वांटपापूर्वीं, आणि प्रत्येक दवाखान्याच्या हातीं बँकेसारखें खातेपुस्तक. त्यांत त्याचा हक्क किती व उचल किती, हें लिहिलेलें. राजस्थाननें २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषधांची योजना याच वळणावर चालविली. आपल्या घरचें उदाहरणहि आहे. नोव्हेंबर २०१७ मध्यें सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमांत महाराष्ट्रांतून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे पहिल्या फळींत होते. त्यांत थोडींच ठराविक औषधें, प्रत्येक रुग्णाची नोंद, एका वेळेस तीस दिवसांच्या गोळ्या, आणि पुढील गरजेचा आधीं हिशेब, एवढेंच सूत्र होतें. त्यांत बुद्धीस न पेलणारें असें कांहीं नाहीं. सातारा-सिंधुदुर्गास जें जमण्यासारखें मानलें गेलें, तें वसईच्या टापूंत जमूं नये, असें समजण्यास कारण दिसत नाहीं.

म्हणून यादीच्या पुढील आवृत्तीकडून आमची अपेक्षा मोठी नाहीं. औषधाचें नांव, मात्रा व पातळी यांच्या शेजारीं आणखी एक रकाना असावा, आणि निदान दीर्घ रोगांच्या औषधांपुरता तरी त्यांत किमान साठा व तो ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हें लिहावें. तो साठा संपला, तर बाहेरून विकत आणून देण्याचा बोजा दवाखान्यावर असावा, रुग्णावर नसावा. आणि प्रत्येक केंद्राच्या दारावर, गिरणीच्या भिंतीवर दळणाचे दर लिहिलेले असतात तसे, त्या आठवड्याचा औषधसाठा खडूनें लिहिलेला असावा. या शेवटच्या गोष्टीस नवा कायदा लागत नाहीं. उद्यां सकाळीं एखादी महानगरपालिका ती करूं शकेल. नागरिकांनीं ती मागावी. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस बाहेरून गोळ्या घेणें परवडतें, त्यांनीं ती विशेषतः मागावी. कारण ज्यांस परवडत नाहीं, त्यांचा आवाज दवाखान्याच्या रांगेपलीकडे सहसा पोंचत नाहीं.

पैसे देतां येत नाहींत एवढ्याच कारणानें कोणीहि योग्य उपचारास मुकूं नये, हें तत्त्व सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपल्या अहवालांत लिहून ठेविलें. पाऊणशें वर्षांहून अधिक काळ तें तत्त्व कोणीं नाकारलेलें नाहीं. २०२२ ची यादी त्या तत्त्वाच्या दिशेनें टाकलेलें चांगलें पाऊल आहे. निवडीच्या दृष्टीनें तर तिची प्रशंसाच केली पाहिजे. परंतु उमेळ्यांतील रुग्ण तिची परीक्षा एकाच कसोटीवर करील. तो महिन्याच्या ठरलेल्या दिवशीं खिडकीशीं जाईल, आपलें कार्ड पुढें करील, आणि गोळ्या घेऊन परतेल, किंवा परतणार नाहीं. यादीवरील अखेरचा अभिप्राय त्याचाच राहील.